पहिलं वाक्य बॅटरीचं

आयुष्यातली पहिली लेखी ताकीद मला शाळेत मिळाली नाही, सासरी मिळाली नाही, नोकरीत तर मुळीच नाही. ती मिळाली एका इन्व्हर्टरच्या वेबसाइटवर, आणि तीसुद्धा सभासद झाल्यावर हातातला चहा निवायच्या आत.

मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन मिरजेहून भिवंडीत आले होते. नवरा ट्रान्सपोर्ट कंपनीत, ड्युटीची वेळ ठरलेली नाही. खाली गल्लीत कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. लाइट गेली की तो एकदम थांबायचा आणि त्या शांततेत आमचा इन्व्हर्टर किंचाळायला लागायचा. नवऱ्याने तो मित्राकडून जुना उचलला होता. मित्राने तो का विकला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. इंटरनेटवर शोधता शोधता मला ‘इन्व्हर्टर व बॅटरी ग्राहक मार्गदर्शन मंच’ सापडला. पिवळी जमीन, त्यावर निळी अक्षरं, कोपऱ्यात लुकलुकणारा बल्ब. मी नाव, फोन नंबर भरला आणि मनातलं लिहून टाकलं: ‘नमस्कार. मी भिवंडीत नवीन आहे, इथे ओळखीचं कोणी नाही, दिवस जाता जात नाही. आमचा इन्व्हर्टर सारखा ओरडतो. काय करावं?’

उत्तर लगेच आलं. ‘सभासदाने पहिल्याच वाक्यात वैयक्तिक एकटेपणाचा उल्लेख केला आहे. नियम चार पाहावा. प्रत्येक लेखनाचे पहिले वाक्य मूळ विषयास, म्हणजे इन्व्हर्टर वा बॅटरीस, धरून असावे. एकटेपणा दुसऱ्या वाक्यापासून चालेल. ताकीद देण्यात येत आहे. व्यवस्थापक.’

मला रडू आलं आणि रागही आला. मी कॉम्प्युटर बंद करून टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी आवाज, गावाकडचा, मोठ्ठा. “बाय, मी मंचावरून बोलतंय. जेवलीस का?”

मी म्हटलं, “कोण आपण?”

“व्यवस्थापक. आता ताकीद दिली ना तुला, तोच. जेवलीस का न्हाय? घरात भात हाय ना?”

भात होता. मी जेवले नव्हते. हे त्यांना खरं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग आधी जेव. बॅटरीचं पाणी संपलंय, म्हणून ओरडते ती. उद्या दुकानात ये, निजामपुऱ्यात. पाणी देतो.” आणि फोन ठेवून दिला.

व्यवस्थापकांची ही पद्धत पुढे मी वर्षानुवर्षं पाहिली. मंचावर तीन शिक्षा होत्या: समज, ताकीद आणि निलंबन. शिक्षा कुठलीही असो, ती दिल्यावर सभासदाला ते स्वतः फोन करायचे आणि जेवलात का विचारायचे. लातूरच्या एका मास्तरांना त्यांनी इतक्या वेळा निलंबित केलं होतं, की मास्तरांच्या बायकोला आज घरात कुठली भाजी आहे हे व्यवस्थापकांना सांगायची सवय होऊन गेली होती.

लिहिताना आणि बोलताना हा माणूस एकच आहे यावर कुणाचा विश्वास बसत नसे. लिहिताना ते ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘नमूद’ यांच्याशिवाय पाऊल टाकत नसत. एखाद्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या तरी ‘आपला जन्म झाल्याचे समजले, आनंद वाटला’ असं लिहायचे. तोंड उघडलं की मात्र भिवंडीजवळच्या पूर्णा गावचं आगरी घर बोलायला लागायचं. त्यांच्या भावांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली होती, भाऊ गळ्यात साखळ्या घालून पांढऱ्या गाड्यांतून फिरत होते. यांच्याही वाट्याला काही आलं होतं, पण यांनी निजामपुऱ्यातलं बॅटरीचं दुकान सोडलं नाही. अंगात कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि त्याला समोरून अ‍ॅसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. लग्नाकार्यालाही भोकांचाच शर्ट. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “नवा शिवला तरी एकदा दुकानात नेऊन भोकं पाडून आणतील. त्याशिवाय यांना कपडा अंगाला लागत न्हाय.”

मंच त्यांनी काढला तो दिवसातले निम्मे तास लाइट नसायची त्या काळात. गिऱ्हाइकं सारखी फोन करून एकच प्रश्न विचारत, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवावीत असा साधा हेतू. त्यासाठी ते कॉम्प्युटरच्या क्लासला गेले, मुलांच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि स्वतःच्या हाताने ती पिवळी वेबसाइट उभी केली. तिचा रंग त्यानंतर बदलला नाही. बदल सुचवणाऱ्याला समज मिळायची.

सगळे उपद्व्याप नियम चारमुळे झाले. मूळ विषय सोडून लोक भलतंच लिहायला लागले म्हणून तो नियम आला. पण व्यवस्थापकांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. पहिलं वाक्य बॅटरीचं असावं, एवढंच त्यांनी बजावलं. पुढच्या वाक्यांना त्यांनी कुंपण घातलं नाही. माणसं बिचारी कायद्याला धरून वागायला लागली:

‘आमच्या बॅटरीचा बॅकअप उत्तम आहे. मुलगा बारावीत नापास झाला.’

‘टर्मिनलवर पांढरं साचलं होतं, गरम पाण्याने पुसून घेतलं. सुनेचं-माझं बोलणं बंद आहे.’

‘नवा इन्व्हर्टर घेतला. घटस्फोट झाला.’

शेवटच्या लेखनावर इन्व्हर्टर कोणत्या कंपनीचा म्हणून चौकशी करणाऱ्या बावीस जणांनी दुसरं वाक्य वाचलंच नव्हतं. व्यवस्थापकांनी त्या सगळ्यांना ताकीद दिली, आणि त्या दिवशी फोन करून करून त्यांचा घसा बसला.

मग लाइट जाणं कमी झालं. लोकांनी इन्व्हर्टर भंगारात घातले, काहींनी पाणी न लागणाऱ्या नव्या बॅटऱ्या घेतल्या. मंच बंद पडायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं. पण कुणी हललं नाही आणि नियम चारही हलला नाही. ज्याच्या घरी इन्व्हर्टर नाही त्याने शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरचं कुशल लिहावं, अशी सवलत निघाली. मस्कतला राहणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे शेजारीपाजारीही कुणाकडे इन्व्हर्टर नव्हता. त्यांनी रीतसर विचारणा केली. व्यवस्थापकांनी दोन दिवस विचार करून निवाडा दिला, की ‘अभाव हाही विषयच होय’. तेव्हापासून त्या बाई प्रत्येक वेळी ‘इथे अजूनही वीज गेलेली नाही’ असं लिहून मग नवऱ्याच्या तक्रारीला हात घालत.

आम्हा भिवंडीकरांत आणखी एक सभासद होते, निजामपुऱ्यातले कोकणी मुसलमान घराण्यातले लूममालक. मंचावर त्यांचं नाव ‘लूमवाला’, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांचं कापडाचं आणि व्यवस्थापकांचं बॅटरीचं दुकान एकाच गल्लीत, पण मंचावर दोघं एकमेकांना ‘माननीय सभासद’ आणि ‘माननीय व्यवस्थापक’ म्हणत भांडायचे. भांडण रंगात आलं की एकजण उठून दुसऱ्याच्या दुकानात चहा प्यायला जायचा. चहा पिताना मंचाचं नाव काढायचं नाही, हा नियम बहुधा सतरावा होता.

एकदा चाचांनी बंड केलं. म्हणाले, जमाना व्हॉट्सअ‍ॅपचा हाय, ही पिवळी साइट कोण उघडणार. त्यांनी ग्रुप काढला, आम्ही सगळे आनंदाने त्यात शिरलो. तिथे नियम नव्हता, ताकीद नव्हती, पहिल्या वाक्याची कटकट नव्हती. आठवडाभरात गुलाबाची फुलं, उगवते सूर्य आणि आले-लिंबाचे काढे यांच्या ढिगाऱ्याखाली एका बाईंच्या नवऱ्याच्या ऑपरेशनची बातमी गाडली गेली. कुणी वाचली नाही. वर कुणीतरी तिला हसरा चेहरा पाठवला. चाचांनीच ग्रुप मोडला आणि मंचावर येऊन लिहिलं: ‘बॅटरी अपनी जगह पर हाय. मी भी.’ व्यवस्थापकांनी त्यांना हिंदी मिसळल्याबद्दल समज दिली आणि त्याच संध्याकाळी चहाला बोलावलं.

नियम चारची मी भरपूर टिंगल केली आहे. तो शहाण्या माणसाने केलेला नियम नव्हे, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं आहे. पण माझे वडील गेले तेव्हा मिरजेहून परत येऊन मी मंच उघडला आणि काही सुचेना. काय लिहिणार? कुठून सुरू करणार? मग नियमाप्रमाणे लिहिलं, ‘बॅटरीत परवाच पाणी भरलं होतं.’ एवढं लिहिल्यावर हात मोकळा झाला. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचंही आलं, आणि बाबांबद्दल जे मी नवऱ्याला सांगू शकले नव्हते ते सगळं त्या पिवळ्या पानावर उतरलं. उत्तरं दोन दिवस येत होती. प्रत्येकाने आधी आपापल्या बॅटरीचं सांगितलं होतं. मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही. आपल्या माणसांनी पायरीवर चपला काढून मग घरात यावं, तसं वाटलं.

व्यवस्थापक स्वतः नियमाला किती भ्यायचे, ते पडघ्याच्या स्नेहसंमेलनात दिसलं. हायवेच्या कडेला हॉल घेतला होता. नाशकापासून पुण्यापर्यंतचे सभासद प्रथमच एकमेकांचे चेहरे बघायला आले होते. ओळख करून देताना पहिलं वाक्य बॅटरीचंच, हे ओघाने आलं. व्यवस्थापक माइकसमोर उभे राहिले, ‘उपरोक्त मंडळींचे स्वागत’ म्हणाले, आणि लाइट गेली. हॉलला इन्व्हर्टर नव्हता. सगळ्या महाराष्ट्राला बॅकअपचे धडे देणाऱ्या माणसाने हॉल ठरवताना तेवढं एकच विचारलं नव्हतं. आम्ही पोट धरून हसलो. वहिनी सगळ्यांत जास्त हसल्या. व्यवस्थापक हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मंचावर वाचायला मिळालं: ‘व्यवस्थापकांनी स्थळाची पूर्वतपासणी केली नाही. व्यवस्थापकांना समज देण्यात येत आहे.’

वहिनी मंचाला सवत म्हणायच्या. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. घरी गेलं की वहिनी वालाचं बिरडं वाढत तक्रार करायच्या, “चाळीस गावच्या लोकांना विचारतात जेवलीस का. मी समोर बसलेली असते, मला कधी विचारतात?” व्यवस्थापक ताटातून मान वर न करता म्हणायचे, “तू सभासद न्हायस.”

आणि मग एका सकाळी मंच उघडला तर व्यवस्थापकांच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘निलंबित’ असं लिहिलेलं.

मंचावर जो गोंधळ उडाला तो कुठल्याही राज्यात सरकार पडल्यावर उडतो तेवढाच होता. लातूरच्या मास्तरांनी सत्तापालट झाल्याचं जाहीर करून पाच परिच्छेदांचं विश्लेषण लिहिलं. मंच हॅक झाला, असं एकाने लिहिलं. चाचांचा मला फोन आला, “बाई, व्यवस्थापकाला कोणी सस्पेंड केला? आपल्यात दुसरा कोण व्यवस्थापक हाय?”

मी म्हटलं, “दुसरा कुणीच नाही. फोन करून बघा.”

“केला. फोन बंद हाय. मी वाडा तालुक्यात आलोय सुताच्या कामाला, त्यांच्या दुकानात जाऊन बघायला कोणी न्हाय.”

मग मस्कतच्या बाईंना एक कल्पना सुचली. त्यांनी नियम मोडायचं ठरवलं. बॅटरीचं अक्षर न लिहिता त्यांनी एक भलं मोठं गुलाबाचं फूल आणि त्याखाली ‘शुभ सकाळ’ टाकलं. हा मंचावरचा सगळ्यांत गंभीर गुन्हा. आम्ही वाट बघत बसलो. ताकीद आली नाही. मग एकेकाने धीर केला. कुणी कविता टाकली, कुणी काढ्याची कृती टाकली, मास्तरांनी चक्क इंग्रजीत लिहिलं. व्यवस्थापकांनी कुठूनतरी डोळे वटारावेत म्हणून आम्ही सगळे मिळून मंचाची नासधूस करत होतो. ताकीद नाहीच आली. संध्याकाळपर्यंत फुलं थांबली. मस्कतच्या बाईंनी लिहिलं, ‘इथे अजूनही वीज गेलेली नाही. मला आता भीती वाटायला लागली आहे.’

मी एव्हाना एका गोदामात नोकरीला होते, दुसऱ्या दिवशी तिथून अर्धी सुट्टी घेतली. चाचा वाड्याहून परतले होते. दुकानाला कुलूप. शेजारचा चिंध्यांचा व्यापारी म्हणाला, “भाभी को हार्ट का हुआ. कल्याण ले गये हैं, परसों.”

विचारत विचारत आम्ही दोघं कल्याणच्या त्या हॉस्पिटलात पोचलो. दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बाकावर व्यवस्थापक बसले होते. भोकांचा शर्ट, दाढी वाढलेली, हातात बंद पडलेला मोबाइल. चार्जर घरी राहिला होता. जगाच्या बॅटऱ्या भरणाऱ्या माणसाची स्वतःची उतरलेली होती, आणि शेजारच्याकडे चार्जर मागायचं त्यांना सुचलं नव्हतं. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले, आणि म्हणाले, “तुमी जेवलेत का?”

चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. वहिनींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. डॉक्टरांनी धोका आहे म्हणून सांगितलं होतं. भावांना कळवलं होतं, ते गाडीतून येऊन पैसे लागले तर सांग म्हणून गेले होते. त्यानंतर हा माणूस एकटाच त्या बाकावर होता.

“आम्हाला का कळवलं नाहीत?” मी विचारलं. मला राग आला होता.

“लिवलं ना.” ते म्हणाले. “हिला दवाखान्यात आनलं तवाच लिवलं. मंगा बघितलं तर नुसतं तेवढंच लिवलेलं. हिला दवाखान्यात नेतोय, बास. पयलं वाक्यच न्हाय. बॅटरीचं न्हाय, कसलंच न्हाय. मी काढून टाकलं आन स्वतःला सस्पेंड केलं. आठवडाभर.”

चाचा म्हणाले, “या अल्ला.”

“निलंबित सभासदानी लिवायचं नसतं. नियम हाय.”

मी म्हटलं, “दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?”

“ताकीद.” ते म्हणाले. “आन फोन.”

“मग तुम्हाला फोन कोण करणार होतं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या प्रश्नाला नियम नव्हता. ते खिडकीबाहेर बघायला लागले आणि शर्टाच्या एका भोकात बोट घालून ते मोठं करत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांच्या सगळ्या नियमांसकट त्यांना मिठी मारावीशी वाटली. चाचा होते म्हणून मारली नाही.

चाचांनी व्यवहार बघितला. “ठीक हाय. तुमचं निलंबन तुम्हीच काढा ना. बटन तर तुमच्याकडेच हाय.”

व्यवस्थापक दुखावले. “माझ्या अर्जावर मीच निर्णय देऊ? असं कुठं असतंय?”

“सगळीकडे असतं. भिवंडीत तर असतंच असतं.”

“मंचावर नसतं.”

आत वहिनींना भेटायची परवानगी मिळाली. नळ्या लावलेल्या होत्या, चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. “बाय, यांना पयले मंचावर परत घे. परवापासून माझ्या उशाशी बसून मला नियम चार समजावतायत. डॉक्टरनी मला आराम सांगितलाय.”

मग तोडगा निघाला. व्यवस्थापकांनी मला प्रभारी व्यवस्थापक नेमावं, आणि प्रभारींनी त्यांच्या अर्जावर निर्णय द्यावा. हे त्यांना पटलं. वहिनींच्या पलंगाशी उभं राहून त्यांनी तोंडी अर्ज केला. चाचांना भिंतीकडे तोंड करायला लावून त्यांनी माझ्या कानात पासवर्ड सांगितला. तो कानात सांगितलेला आवाजही त्यांच्या नेहमीच्या आवाजासारखाच होता, त्यामुळे सगळ्या खोलीला ऐकू गेला. पासवर्ड काय होता ते सांगणं नियमाविरुद्ध आहे. ऐकून वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या, “अजून तोच?” आणि व्यवस्थापक लाजले.

मी माझ्या फोनवरून निलंबन उठवलं. त्यांनी आग्रह धरला की समज नोंदवलीच पाहिजे. मी लिहिलं, ‘व्यवस्थापकांना समज दिली आहे.’ त्यांनी चष्मा वर करून वाचलं. “देण्यात येत आहे,” ते म्हणाले. मी दुरुस्त केलं. चाचांनी खालून चार्जर विकत आणला, आणि फोन सुरू झाल्यावर व्यवस्थापकांनी लिहिलं: ‘घरी नसल्यामुळे बॅटरी पाहिलेली नाही. हिचे उद्या सकाळी ऑपरेशन आहे. मला भीती वाटते.’

‘सदर’ नव्हतं, ‘उपरोक्त’ नव्हतं. मी बरोबर होते म्हणून मला माहीत आहे, तिसरं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहून पाठवून दिलं.

सकाळी मी पोचले तर हॉस्पिटलच्या दारात माणसं जमलेली. नाशिकची दोघं, ठाण्याच्या एक बाई डबा घेऊन, पुण्याहून गाडी करून आलेले चौघे. लातूरचे मास्तर तर रातोरात निघून आले होते, आणि प्रवासभर केलेलं विश्लेषण ऐकवायला माणूस शोधत होते. पडघ्याला अंधारात एकमेकांचे चेहरे कुणाला धड दिसले नव्हते, म्हणून सगळे खूण पटवायला पहिलं वाक्य बोलत होते. “आमच्या बॅटरीत पाणी आहे.” “आमचा पाणी दाखवणारा फ्लोट जरा खाली गेलाय.” दारावरच्या वॉचमनने बराच वेळ हे ऐकलं आणि मास्तरांच्या हाताला धरून म्हणाला, “जनरेटर तळघरात आहे, साहेब. जिना तिकडून.” दोघंजण खरोखर खाली जाऊन पाहून आले. टर्मिनल स्वच्छ आहेत, असं त्यांनी व्यवस्थापकांना येऊन सांगितलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं.

ऑपरेशन लांबलं. बाकावर जागा नव्हती म्हणून सगळे भिंतीला टेकून उभे होते. व्यवस्थापक मधे बसले होते, एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला मी. डॉक्टर बाहेर आले आणि “पेशंटचे कोण?” म्हणाले, तेव्हा सगळेच पुढे झाले. वहिनी वाचल्या.

त्यांना घरी आणल्यावर पंधरवडाभर मदतीला जा-ये करायला घराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. एकदा जाऊन मी त्यांच्या बॅटरीत पाणी भरलं आणि प्रभारी या नात्याने मंचावर कळवलं: ‘व्यवस्थापकांच्या घरच्या बॅटरीत पाणी भरलं. सर्व फ्लोट वर आहेत.’ नियम चार शंभर टक्के पाळलेला. संध्याकाळी उत्तर आलं: ‘सदर लेखन मूळ विषयास धरून आहे. परंतु घरी कसे आहे, कोण जेवले, कोण झोपले, याबाबत काहीही नमूद नाही. लेखन अपुरे आहे. प्रभारींना समज देण्यात येत आहे.’ पासवर्ड मी परत करायला गेले तर त्यांनी घेतला नाही. म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मला कवातरी गरज लागल.”

वहिनींना पलंगावर पडून करमेना, म्हणून त्या नवऱ्याच्या फोनवर मंच वाचायला लागल्या. सगळा वाचला, अगदी पहिल्या पानापासून. त्यावर त्यांचं मत एवढंच, की लातूरचा मास्तर लिवतो फार आणि मस्कतची बाय नवऱ्याला उगीच बोलते. सभासद व्हा म्हटलं तर नको म्हणाल्या. “एवढं वर्ष सवत म्हटलं, आता तिच्याकडं जेवायला बसू?”

व्यवस्थापक गेले ते या वर्षी, दुपारी, दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. चाचा चहा घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते. समोर एक बॅटरी उघडी होती, तिच्यातलं पाणी भरून झालं होतं. चाचांनी आधी सगळी झाकणं बसवली आणि मग मला फोन केला.

पूर्ण्याला सगळं उरकून मी घरी आले. मंचाला कळवायचं काम आता माझं होतं. मी पिवळं पान उघडून बसले. बाबांच्या वेळी पहिल्या वाक्याने मला हात दिला होता, म्हणून याही वेळी तेच करायला गेले. बॅटरीत पाणी आहे, लिहिलं, खोडलं. फ्लोट वर आहेत, लिहिलं, खोडलं. ज्याला ते सांगायचं तोच नव्हता. शेवटी नुसतं लिहिलं, ‘आपले व्यवस्थापक आज गेले,’ आणि फोन उलटा ठेवून दिला.

स्वयंपाकघरात सकाळचा भात तसाच झाकलेला होता. मी भिंतीला टेकून बसून राहिले. मग फोन वाजला. उचलून पाहिलं तर त्यांचं नाव, त्यांचा नंबर.

पलीकडे वहिनी होत्या. आवाज रडून बसलेला.

“वाचलं तू लिवलेलं,” त्या म्हणाल्या. “पयलं वाक्य ऱ्हायलं बघ तुझं. बॅटरीचं.”

मी म्हटलं, “हो वहिनी. राहिलं.”

मागे घरात माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

“जेवलीस का, बाय?” त्यांनी विचारलं.